आपला आणि आमचा

बदलीची नोकरी करणाऱ्याच्या घरात दोन प्रकारचे सामान असते: खोक्यांतून बाहेर काढलेले, आणि पुढच्या बदलीपर्यंत खोक्यांतच राहू दिलेले. 2021 साली नागपुराहून येलहंक्याच्या सरकारी वसाहतीत आम्ही राहावयास आलो, तेव्हा सामान लागण्यापूर्वीच आमच्या कन्येने भिंतीवर एक चित्र चिकटविले. बंगळूरच्या क्रिकेट संघातील महंमद सिराज या गोलंदाजाचे ते वर्तमानपत्रातून कापलेले चित्र होते. नागपूरच्या मैत्रिणी सुटल्या होत्या, कानडी अद्याप जिभेवर बसली नव्हती. शेजारच्या मुलांच्या घोळक्यात बसण्याचा परवाना तिला त्या चित्राने मिळवून दिला. सिराज मूळचा हैदराबादचा, 2018 पासून बंगळूरच्या संघात. म्हणजे तोही आमच्यासारखा बाहेरून आलेलाच.

पुढे 2024च्या नोव्हेंबरात जेद्दा येथे खेळाडूंचा मोठा लिलाव झाला. बंगळूरने जुन्या संघातील विराट कोहली, रजत पाटीदार आणि यश दयाल या तिघांनाच राखून ठेवले होते. सिराजला गुजरातने 12 कोटी 25 लाख रुपयांना घेतले. कन्या रडेल असे आम्हांला वाटले होते. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, "बाबा, ह्यांच्यात निरोपसमारंभ नसतो का?"

आम्ही निरुत्तर झालो. कचेरीतील निरोपसमारंभांची आम्ही आजवर पुष्कळ थट्टा केली आहे. तोच हार, तेच शाल-श्रीफळ, आणि ज्याच्याशी वर्षभर टिपणांतून भांडण चालले त्यानेच उभे राहून 'मनमिळाऊ' म्हणून केलेला गौरव! परंतु त्या अर्ध्या तासात एक काम होऊन जाते. कोणी जात आहे आणि कोणी मागे राहत आहे, हे उभयतांना एकमेकांच्या देखत मान्य करावे लागते. लिलावात हातोडा पडतो आणि सात वर्षांचा हिशेब तिथल्या तिथे मिटतो.

खेळाडूने ठिकाण बदलणे आपल्या लोकांना नवे नाही. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून खेळले आणि पुढे बडोद्याचे झाले. 1947च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमदबरोबर त्यांनी केलेली 577 धावांची भागी बडोद्यासाठीच होती. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू इंदूरला होळकरांच्या पदरी गेले. पण तेथे माणसाला रुजण्यास अवधी मिळे. नायडू 1967 साली इंदुरातच वारले, हजारे 2004 साली बडोद्यात. आजचा मोठा लिलाव दर तीन-चार वर्षांनी येतो आणि एकाच बैठकीत सगळे संघ ढवळून टाकतो. त्याचे समर्थनही खोटे नाही. सर्वांना खर्चाची मर्यादा सारखी असावी, चांगले खेळाडू एकाच धनवंताच्या कोठीत साचू नयेत, हा हेतू रास्त आहे. त्याची किंमत मात्र ज्यांच्याकडे बोली लावण्यास काहीच नसते, ते प्रेक्षक देतात. मराठी घरातला, बंगळुरात वाढलेला राहुल द्रविड 2011च्या लिलावात राजस्थानकडे गेला, तेव्हा या शहराने आपल्याच मुलाला पाहुणा म्हणून यावे लागताना पाहिले.

अमेरिकेच्या बेसबॉलमधील कर्ट फ्लडची गोष्ट आम्हां बदलीवाल्यांना विशेष कळावी अशी आहे. बारा वर्षे सेंट लुईसकडून खेळल्यावर 1969 साली त्याला न विचारता फिलाडेल्फियाला धाडण्यात आले. आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नव्हे, असे कळवून त्याने तो हुकूम चक्क नाकारला! 1972 साली तेथील सर्वोच्च न्यायालयात तो हरला. पण 1975च्या अखेरीस लवादाच्या निर्णयाने खेळाडूंना मोकळीक मिळाली. मग ते आपल्या मर्जीने संघ बदलू लागले आणि त्यांना निष्ठा उरली नाही, अशी ओरड प्रेक्षकांनी केली. खेळाडूला हलवा की त्याने स्वतः हलावे, गॅलरीतल्या माणसाच्या वाट्याला विरहच!

2 एप्रिल 2025 रोजी सिराज गुजरातचा होऊन चिन्नस्वामी मैदानावर उतरला. आमच्या बैठकीत शेजारची कानडी मुले जमली होती. त्याने पहिला बळी घेतला आणि कन्येचे हात टाळीसाठी वर गेले; तिने ते लगबगीने मांडीखाली दडविले. त्या दिवशी त्याने 19 धावांत तीन बळी घेतले आणि बंगळूर हरले. मुले मुकाट्याने उठून गेली. दार लावताना ती म्हणाली, "टाळी वाजवली असती तर मी त्यांच्यातली राहिले नसते ना?" हा प्रश्न क्रिकेटचा नव्हता, हे आम्हांला कळत होते. दर तीन वर्षांनी तिला नव्या घोळक्यात बसविणारे आम्हीच.

त्या रात्री आम्ही तिला उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच एक शंका काढली. येथील चाहत्यांची घोषणा आहे, 'ई सल कप नम्दे'. तिचा मराठी अर्थ 'या वेळी चषक आमचाच' की 'आपलाच'? आजच्या कानडीत दोहोंना शब्द एकच. मराठीत मात्र 'आमचा' म्हटले की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो, 'आपला' म्हटले की तो आत येतो. ज्या येलहंक्याच्या नाडप्रभूंच्या कुळातील केंपेगौडांनी 1537 साली बंगळूर वसविले, आणि 1638 नंतर ज्या बंगळुरात शहाजीराजे विजापूर दरबाराचे जहागीरदार म्हणून राहिले, तेथे मराठी माणसाने कोणता शब्द निवडावा? आम्ही 'आपला' म्हणालो. "मग सिराजही आपलाच," ती म्हणाली, आणि शेजारी गेली.

3 जून रोजी अहमदाबादला बंगळूरने अठराव्या हंगामात पहिला चषक जिंकला. त्या दिवशी खेळलेल्यांपैकी आदल्या वर्षी या संघात होते ते तिघेच, राखून ठेवलेले. यष्टिरक्षक जितेश शर्मा तर आमच्या वऱ्हाडातला, अमरावतीचा. पण वसाहतीतल्या मुलांनी कोणाचे गाव विचारले नाही. नव्यांच्या हातून मिळालेला चषक त्यांनी सतरा वर्षांच्या जुन्या वाटेवर ठेवला. दुसऱ्याच दिवशी चिन्नस्वामीबाहेरच्या चेंगराचेंगरीत अकरा माणसे गेली, आणि आमच्या गल्लीतले फटाके तसेच राहिले. संघ बदलतो, खेळाडू बदलतात. त्यांच्यासाठी आलेला माणूस मात्र बदलून मिळत नाही.

आता आमच्याही बदलीचा हुकूम आला आहे. शेजारच्या मुलांनी परवा कन्येला आपल्या घरी बोलावून हार घातला. कोणी तरी कानडीत भाषण केले, ती म्हणे सगळे समजली. भिंतीवरचे चित्र काढावयास आम्ही गेलो, तर तिने अडविले. "राहू दे. पुढे येतील त्यांच्या मुलांना उपयोगी पडेल."

तेव्हा घर ताब्यात देण्याच्या यादीत, पंखे चार, दिवे सहा यांच्याखाली आम्ही स्वहस्ताक्षरात एक बाब वाढविली आहे: चित्र, एक, सुस्थितीत.