बिनकठड्याची विहीर

जगात माणसांचे दोन वर्ग आहेत. पाणी दिसले की अंगरखा काढून उडी घेणारे आणि पाणी दिसले की घरातून भांडे आणायला धावणारे. आम्ही यवतमाळची माणसे दुसऱ्या वर्गातली. यात दोष आमचा नाही, भूगोलाचा आहे. नकाशावर फूटपट्टी ठेवून पाहा. पश्चिमेचा अरबी समुद्र आणि पूर्वेचा बंगालचा उपसागर आमच्यापासून जवळजवळ सारखेच लांब, दोन्हीकडे पाचशे किलोमीटरांहून अधिक. आमची पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा पुढे वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी पूर्वसमुद्र गाठते. जिल्ह्याचे पाणी असे समुद्राला जाते, आणि आम्ही कपाशीच्या रानात उभे राहून त्याला निरोप देतो.

म्हणून आम्हांला पोहता येत नाही असे मात्र कोणी समजू नये. आमचे पोहणे विहिरीतले. कमरेला वाळलेला भोपळा, नाहीतर झाकण पक्के बसवलेला पत्र्याचा डबा, आणि वर कठड्याशी दोरीचे टोक धरून उभा असलेला काका. विहिरीच्या पोहण्यात एक मोठा दिलासा असतो. चार हात मारले की भिंत हाताला लागते. माझे सारे जलतरण या चार हातांचे.

आमच्या घरात तेही माझ्यापुरतेच. पत्नीचा थोरला भाऊ चौदाव्या वर्षी शेतातल्या विहिरीत गेला. त्या दिवसापासून तिच्या माहेरी मुलींनी पाणी ओढायचे, भरायचे, गाळायचे, पुरवायचे. त्यात उतरायचे नाही. सासरीही तेच चालू राहिले. डोक्यावर पितळी गुंड आणि काखेत बादली घेऊन तिने किती पाणी वाहिले असेल याचा हिशेब कोणी ठेवला नाही. २०१८ चा उन्हाळा तर यवतमाळकर विसरायचे नाहीत. निळोणा आणि चापडोह ही गावाला पाणी देणारी धरणे आटली, तेव्हा टँकरचा आवाज ती झोपेतही ओळखत असे. पाणी म्हणजे मोजून वापरायची वस्तू आणि न मोजता भ्यायची वस्तू, एवढाच तिचा आणि पाण्याचा संबंध.

गेल्या जानेवारीत पुतण्याचे बोलावणे आले. तो नोकरीनिमित्त मालवणला असतो. धामणगावला गाडी धरून मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे एस्टी, असा प्रवास करून आम्ही पोचलो. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "काका, काकू, उद्या पहाटे चिवल्याच्या किनाऱ्यावर चला. आमची पोहण्याची मंडळी दाखवतो." पोहणाऱ्यांची मंडळी असते हे मला नवीन होते. भजनी मंडळे मी पुष्कळ पाहिली होती.

दिवस निवडण्याची त्यांची रीत मला फार आवडली. कोकणातले दर्यावर्दी लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. रोज पाऊण तास पुढे. त्या दिवशी दशमी होती. म्हणजे साडेसातला भरती पूर्ण, किनाऱ्याजवळचे खडक पाण्याखाली आणि पाणी काही वेळ स्वस्थ. आमच्याकडे पंचांग मुहूर्तासाठी उघडतात, इथे ते पोहण्यासाठी उघडतात!

पावणेसातला, जरा दिसू लागताच, मंडळी जमू लागली. एक शाळामास्तर, एक औषधांचे दुकानदार, खानावळ चालवणाऱ्या दोघी बहिणी, निवृत्त पोस्टमन, दोन-तीन कॉलेजातली मुले. प्रत्येकाच्या डोक्याला भडक रंगाची टोपी आणि कमरेला दोरीने बांधलेली नारिंगी फुगीर पिशवी. मी ती निरखून पाहिली आणि मला हसू आले. हा आमचा भोपळाच की! जात बदलली, गुण तोच. दुरून नावेला माणूस दिसावा आणि दमल्यावर टेकायला आधार व्हावा, एवढ्यासाठी ती असते.

मास्तरांनी डोकी मोजली. चौदा. मग त्यांनी नियम सांगितले, आणि ते माझ्यासाठी सांगितले असले तरी बाकीच्यांनीही पुन्हा मुकाट्याने ऐकले. एकट्याने जायचे नाही. खोल समुद्राकडे जायचे नाही, किनाऱ्याला समांतर पोहायचे. दर दहा-बारा हातांनी मान वर करून किनाऱ्यावरचा ठरवलेला माड पाहायचा, कारण पाण्यात सरळ रेघ नसते. ओढ लागली तर तिच्याशी भांडायचे नाही; आडवे पोहून तिच्यातून बाहेर पडायचे. आणि कोळ्यांनी "आज नको" म्हटले, तर तो शेवटचा शब्द. पावसाळ्यात तर कोणी उतरतच नाही.

थोड्या अंतरावर काही लोक रापण ओढत होते. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, मध्ये समुद्रातून येणारे लांबच लांब जाळे. रापण ही एकट्याची मासेमारी नव्हे. ओढतील त्या सर्वांचा तीत वाटा. जाळे पूर्ण बाहेर येईपर्यंत पोहणारे थांबले. समुद्र कोणाचा, यावर तिथे भाषण झाले नाही.

मग चौदा टोप्या पाण्यात गेल्या आणि बघता बघता ठिपके झाल्या. गेली अनेक वर्षे याच किनाऱ्यावर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होतात आणि पोरेटोरे मैलोगणती पोहतात. मीही गुडघ्यापर्यंत गेलो, मग कमरेपर्यंत. चार हात मारले आणि सवयीने भिंतीसाठी हात पुढे केला. भिंत नव्हती. पुढे आफ्रिकाच! मी सन्मानपूर्वक परतलो.

पत्नी वाळूत बसून होती. आदल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्यात तिने मन लावून काही पाहिले असेल, तर त्या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडे खारा समुद्र आणि मधोमध गोडे पाणी. १६६४ साली शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ल्याचा पाया घातला, त्यामागचे राजकारण मी तिला समजावत होतो. ती म्हणाली, "पाणी पाहूनच जागा धरली असेल."

पोहणारी मंडळी परतली. पुन्हा डोकी मोजली, चौदा भरली. खानावळवाल्यांपैकी थोरली बाई निथळत तिच्याजवळ आली आणि हात पुढे करून म्हणाली, "भिया नको गो वैनी, मी हंयच आसंय."

मला वाटले, ही आता नाही म्हणणार. ती उठली. माझ्याकडे पाहिलेही नाही. दोघी बहिणींनी दोन्हीकडून धरून तिला छातीइतक्या पाण्यात नेले आणि पाठीखाली हात देऊन उताणे केले. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, त्यामुळे विहिरीपेक्षा तिथे अंग सहज तरंगते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तिला कोणी सांगितले नव्हते. तिच्या मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. लाट आली, गेली. मुठी हळूहळू उघडल्या. मग त्या बायांनी आपले हात काढून घेतले, आणि मी काठावर नकळत मोजू लागलो. अकरापर्यंत मोजले.

१९५९ साली आरती साहा इंग्लिश खाडी पोहून गेली तेव्हा तिचे केवढे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण त्या अकरा अंकांपुढे मला तूर्त दुसरा विक्रम आठवेना. जिने जन्मभर पाणी वाहिले, तिला पाण्याने क्षणभर वाहिले होते.

बाहेर आल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. पदर पिळत मग म्हणाली, "दादालाही असंच कुणी शिकवायला हवं होतं, नाही?" पंचेचाळीस वर्षांत भावाचे नाव तिने पाण्याच्या संदर्भात प्रथमच घेतले. मी काय उत्तर देणार? मास्तरांनी थर्मासमधला चहा तिच्यापुढे केला आणि चौदा माणसांनी तिच्याभोवती वाळूत बसून तो घेतला.

यंदा जूनमध्ये यवतमाळात पहिला पाऊस आला. पागोळ्यांखाली तिने नेहमीप्रमाणे सगळी भांडी मांडली, घंगाळापासून चहाच्या पातेल्यापर्यंत. मग ओंजळीत थोडे पाणी धरून जिभेला लावले आणि म्हणाली, "मीठ तिकडेच ठेवून आला बघा." आणि वाकून भरलेली बादली बाजूला सरकवली.