त्रेसष्टजणी

"एक सांभाळताना आपली दमछाक होते साहेब, खानाच्या तर त्रेसष्ट होत्या! लढाईला जायच्या आधी सगळ्यांचा हिशेब मिटवून गेला." विजापूरच्या गोलघुमटात एका गाइडने केलेला हा विनोद. घोळक्यातले पुरुष हसले. नवऱ्यांकडे बघत बायकाही हसल्या. त्या गाइडचा चेहरा मला आता आठवत नाही, पण ते हसणं अजून डोक्यात जातं.

विजापूरला नेलं होतं ते आत्याला. उभा जन्म सोलापुरात गेला तिचा. विजापूर तिथून जेमतेम शंभर किलोमीटर, भीमा ओलांडली की कर्नाटक. पण ही कधी गेली नव्हती. "खानाच्या गावात काय बघायचंय गं?" हे तिचं ठरलेलं उत्तर. गुडघ्यांनी पूर्ण संप पुकारायच्या आत एकदा चल, म्हणून मी मागे लागले. शेंगाचटणी आणि कडक भाकरीची पिशवी घेऊन निघालो.

गोलघुमटाबद्दल सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतंच. मुहम्मद आदिलशहाची कबर, १६५६ च्या सुमाराचं बांधकाम, बाहेरून चव्वेचाळीस मीटर व्यासाचा घुमट आणि आत आधाराला एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून उंच उंच पायऱ्यांनी वर जायचं. घुमटाच्या सज्जात भिंतीपाशी कुजबुजलं की पलीकडच्या टोकाला ऐकू येतं, ही त्याची ख्याती. प्रत्यक्षात कुजबुजतं कोण? शिट्ट्या, आरोळ्या, "आय लव्ह यू"च्या किंकाळ्या, आणि प्रत्येक आवाज सात-सात वेळा परत येणारा. आत्याने दोन्ही कान दाबून धरले. "शाळा सुटल्यासारखं वरडतेत की गं!" त्या गोंधळातून बाहेर गच्चीवर आलो, तर तिथे हा गाइड अफझलखान रंगवून सांगत होता.

गोष्ट अशी. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून निघताना ज्योतिषाने खानाला सांगितलं, तू परत येणार नाहीस. आपल्यामागे बायका दुसऱ्या कोणाच्या घरी जाऊ नयेत म्हणून त्याने एकेकीला मारून टाकलं. त्यांच्या कबरी गावाबाहेर आहेत, त्या जागेला साठ कबर म्हणतात.

आत्याने विचारलं, "कुठंशी आलं ते?"

"तिकडे काही नाही मावशी. नुसत्या कबरी आहेत."

"मग हे काय आहे?" आत्याने पायाखाली बोट दाखवलं. गाइड गप्प.

रिक्षावालाही यायला तयार नव्हता. तिकडे कोणी जात नाही, रस्ता खराब, परतीचं भाडं मिळत नाही. आत्या कानडीत सुरू झाली. काय बोलली मला कळलं नाही, पण तो आला.

शेतं ओलांडून आत गेलं की एक दगडी चौथरा लागतो. त्यावर काळ्या दगडाच्या कबरी, ओळीने, एकसारख्या, एकाच मापाच्या. दोहोंच्या मध्ये माणूस जेमतेम वावरेल एवढीच जागा. आदिलशाही मुलखात पुरुषाच्या कबरीवर मधोमध दगडाची उंच पट्टी असते, बाईच्या कबरीचा माथा सपाट. इथे सगळे माथे सपाट. अक्षर कुठेही नाही. फटींतून गवत उगवलेलं आणि एका दगडावर कोणीतरी बिस्किटाचं रिकामं पाकीट ठेवून गेलेलं. आत्याने आधी ते उचलून पिशवीत टाकलं. मग मोजायला लागली. प्रत्येक दगडाला हात लावत जायची, ओळ संपली की आकडा विसरायची, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी वैतागून म्हणाली, "नावं असती तर इसरले नसते."

मला गाइडपेक्षा आपलाच राग आला. अफझलखान वध आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. गणपतीच्या देखाव्यांत शामियाना असतो, वाघनखं असतात, मोटारीवर हलणारा खान असतो. कोथळ्याचा रंगसुद्धा आपण ठरवून टाकलाय. पण या बायका? त्या आल्याच तर खान किती क्रूर होता याचा पुरावा म्हणून येतात, नाहीतर विनोद म्हणून. मराठी गाइडांनी तरी (तिथे अर्धं गिऱ्हाईक आपलंच असतं) ही गोष्ट सांगताना दात काढू नयेत. आणि ऐकणाऱ्यांनी तिथल्या तिथे टोकावं. मी टोकलं नाही, आत्याने टोकलं.

आता दुसरी बाजू. ही कहाणी खरीच कशावरून? दंतकथाच ती. हरलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं, आणि ही इतकी सोयीची आहे की संशय यावा. एखाद्या घराण्याच्या बायकांचं ते वर्षानुवर्षांचं कबरस्तानही असेल. असा विचार केला की माझा राग अर्धा उतरतो आणि मग उतरला म्हणूनच पुन्हा चढतो. गोष्ट खोटी ठरवली की त्या बायका पुन्हा एकदा गायब. एकाच मापाचे इतके दगड कोणीतरी एकदमच घडवून घेतलेले दिसतात. ते काही दंतकथेने घडवलेले नाहीत. खुद्द खानाला मात्र विजापूरची माती मिळाली नाही, तो प्रतापगडाच्या पायथ्याशीच राहिला.

मी अशी धुमसत होते आणि आत्या इब्राहिम रोज्याला पोचताच सगळं विसरली! दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने राणी ताज सुलतानासाठी काढलेली इमारत, शेवटी दोघंही तिथेच. दगडाच्या जाळ्या कोरल्यात त्या अक्षरांच्या. उजेड आत येतो तो अक्षरांच्या फटींतून. आत्या एका जाळीसमोरून हलेना. हा सुलतान गाण्याचा वेडा, 'किताब-ए-नवरस'मध्ये त्याने सरस्वती-गणपतीला वंदन केलंय, एवढं मी सांगितल्यावर तर ती पुरती विरघळली. "भला माणूस दिसतोय की." मी म्हटलं, अगं, घराणं तेच, दरबार तोच. "असू दे की. चांगलं ते चांगलं," म्हणून तिने तिथल्या पायरीवर भाकरी सोडली. आणि खरं सांगू, जेवताना मलाही तिथून उठावंसं वाटेना.

परवा तिचा फोन आला. भजनी मंडळातल्या सगळ्याजणींना तिने साठ कबरीची गोष्ट सांगितली म्हणे. तिथली एक कबर रिकामी असल्याचं लोक सांगतात, म्हणजे एखादी निसटली असणार. रिक्षावाल्याने ते आत्याला कानडीत सांगितलं होतं, मला पत्ताच नव्हता. आत्याच्या गोष्टीत आता बायका शंभर आहेत आणि निसटलेली ती रातोरात भीमा पोहून सोलापुरात आली. एवढंच नाही, साखरपेठेत तिने संसारही थाटला.

"आत्या, हे तुला कोणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मग जाईल कुठं ती?"

पुढच्या महिन्यात अख्खं मंडळ विजापूरला निघालंय. गाडी ठरवायचं काम माझ्याकडे आलंय.