कांगड्याच्या ग्रीन टीस, सप्रेम

प्रिय कांगडा ग्रीन टी,



आमच्याकडे तुझं नाव निघतं ते आजारपणात, नाहीतर जिम लावल्यावर. वजन वाढलं, साखर वाढली, की घरात टी बॅगचा खोका येतो. खळखळत्या पाण्यात ती पुरचुंडी बुडते, तिथेच विसरली जाते, आणि कडूजहर झालेलं पाणी लिंबू-मध घालून, तोंड वाकडं करत संपवलं जातं. महिनाभरात काटा हलला नाही की खोका फडताळात मागे जातो. वजनावर तुझा परिणाम झालाच तर अगदी थोडा, हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. यात तुझ्यावर अन्याय होतो आणि पिणाराही मुकतो. म्हणून हे जाहीर पत्र. तू चवीसाठी प्यायचा चहा आहेस, आणि ती चव आमच्या ऐपतीतली आहे, एवढं मला चारचौघांत सांगायचं आहे.

तुझं घराणं जुनं. 1849 साली सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे डॉ. जेम्सन यांनी हिमाचलातल्या धौलाधार डोंगररांगेच्या पायथ्याशी चहा लावून पाहिला. लहान पानाचं, थंडी सोसणारं चिनी झुडूप पालमपूरच्या उतारांवर रुजलं. पुढे तुझा माल अमृतसरच्या बाजारातून काश्मीर, काबूलपर्यंत जाऊ लागला. मग 4 एप्रिल 1905 चा भूकंप आला. हजारो माणसं गेली, चहाचे कारखाने कोसळले, बरेच इंग्रज मळेवाले मळे विकून निघून गेले. तिथून तू मागे पडलास तो पडलासच. 2005 मध्ये तुला भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 मध्ये युरोपीय संघानेही तुझ्या नावाला संरक्षण दिलं; तरी आमच्याकडच्या किराणा दुकानात तुझं नाव घेतलं तर दुकानदार टी बॅगच पुढे करतो. मात्र नाव गाजलेलं नसल्यामुळे, नामांकित दार्जिलिंगसारखे नुसत्या नावाचे पैसे तुझ्यापायी मोजावे लागत नाहीत.

तुझी सुटी पत्ती तळहातावर घेतली की ती गडद हिरवी, पीळ दिलेली, वजनाला हलकी लागते. खुडलेलं पान चुरगळून हवेवर ठेवलं तर ते काळवंडतं आणि त्याचा काळा चहा होतो. तुझं पान खुडल्यावर लवकरच परततात किंवा वाफवतात. त्या आचेने पान काळवंडवणारं विकर निकामी होतं, हिरवेपणा टिकतो. मग पान वळून वाळवतात. काचेच्या पेल्यात गरम पाणी ओतल्यावर हा पीळ सुटताना बघावा. पानं एकेक करून तळाशी जातात, त्यांची दातेरी कड दिसू लागते, एखादी अख्खी कळीही निघते. पाण्याला फिकट पिवळा रंग चढतो आणि नुकत्या सोललेल्या कोवळ्या मटारसारखा गोडसर वास येतो. टी बॅगेत बहुधा पानांचा चुरा असतो. तो भराभर उतरतो, लगेच कडवट होतो, आणि एका पाण्यातच संपतो.

तुझा कडूपणा पानातल्या कॅटेचिन या द्रव्यांचा, गोडसरपणा थिआनिन या द्रव्याचा. पाणी जितकं कढत, तितकी कॅटेचिनं जास्त उतरतात. 75 ते 80 अंशांच्या पाण्यात गोडवा पुढे राहतो. त्यासाठी थर्मामीटर लागत नाही. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरून ते सुटायला लागले की गॅस बंद करावा. पाणी उकळलंच तर दुसऱ्या भांड्यात ओतून चार-पाच मिनिटं उघडं ठेवावं. कपाला दोन ग्रॅम पत्ती, दोन-तीन मिनिटं, की गाळून घ्यावं. दूध नको, साखर नको. तीच पत्ती दुसऱ्या पाण्यालाही चांगला चहा देते, आणि मला तर ते दुसरं पाणीच जास्त आवडतं.

आता पैशांचं. लोक पाकिटावरची किंमत बघून मागे फिरतात, म्हणून हिशेब मांडते. 100 ग्रॅमचं पाकीट 300 रुपयांना पडलं असं धरू. दोन ग्रॅमप्रमाणे त्यात 50 वेळा चहा होतो, म्हणजे वेळेला सहा रुपये. दुसरं पाणी धरलं तर कप तीन रुपयांना पडला. टपरीवरचं कटिंगही याहून महाग असतं. टी बॅगच्या खोक्यावरचं वजन बघून त्याचाही 100 ग्रॅमचा भाव काढावा. पुष्कळदा सुटी पत्तीच स्वस्त निघते.

स्वस्तात चांगलं मिळवायचं तर वसंतातल्या पहिल्या खुडणीचा हट्ट सोडावा. कोवळी, थोडी, म्हणून ती महाग. पावसाळ्यानंतरची खुडणी कमी नाजूक, पण रोजच्या पिण्याला उत्तम. जपानी लोकही रोजच्यासाठी उशिराच्या खुडणीचा बांचा पितात, देठांचा कुकिचा पितात. चीनच्या चजियांग प्रांतातला गोळ्या वळलेला गनपावडर मोरोक्कोत पुदिना-साखर घालून घरोघरी होतो. या थोर घराण्यांतही रोजचा चहा वेगळा असतो.

पाकीट घेताना त्यावरची तारीख बघावी, 50 किंवा 100 ग्रॅमच घ्यावं, आणि तळाशी भुकटी जमलेली असेल तर ठेवून द्यावं. शिळ्या पत्तीचा वास वाळक्या गवताकडे झुकतो. घरी घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून लांब ठेवावं. हिंगाच्या डबीजवळ किंवा गोड्या मसाल्याच्या फळीवर तर मुळीच नको, कारण तू आसपासचा वास फार पटकन ओढून घेतोस.

एवढ्या कळकळीने लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. कांगड्यातली चहाची लागवड पूर्वीपेक्षा बरीच घटली आहे. मळे लहान, खुडायला माणसं मिळत नाहीत, काही मळे पडीक आहेत. मानांकनाने नाव राखलं जातं, मळा राखायला मात्र वर्षभर गिऱ्हाईक लागतं. हिमाचलच्या सहलीला जाणारी आमची माणसं शाली आणि सफरचंदं आणतात. त्यांनी पालमपूरला गाडी थांबवून शंभर ग्रॅम तुलाही आणावं. ज्यांना जाणं जमत नाही त्यांनी घरपोच मागवावं, आणि संपल्यावर पुन्हा मागवावं. औषध म्हणून आणलेला चहा बरं वाटलं की बंद होतो. आवडीने आणलेला महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत जातो. त्या यादीत तुझं नाव यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तुझी,
एक पुणेकर