जनावरांचा कॅट

मनमाडात आम्हा पोरांना पाण्याची ददात होती, काडेपेट्यांची नव्हती. स्टेशनच तसं. एक लाईन मुंबईला, एक भुसावळकडे, एक दौंडला आणि चौथी, लहान गेजची, औरंगाबादवरून काचीगुड्याला. त्या काळी औरंगाबाद-नांदेडकडं जाणाऱ्या माणसाला मनमाडला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसावं लागे. मधे तास-दोन तास, कधी अख्खी रात्र. रिकामा बसलेला माणूस चहा पितो, चहा झाला की विडी पेटवतो, आणि शेवटची काडी संपली की पेटी फेकून देतो. ती पेटी आमची. नांदेडला निघालेले शीख यात्रेकरू तेवढे आमच्या कामाचे नव्हते. ते तंबाखूला शिवत नसत. त्यांच्याकडून पेटी मिळाली नाही, मूठभर फुटाणे मात्र हटकून मिळाले.

पेटीवरच्या चित्राला आम्ही छाप म्हणायचो. मुंबईकडच्या गाड्यांतून ‘जहाज’ छाप इतके यायचे की त्याला कुणी विचारत नसे. छोट्या गाडीतून यायच्या त्या शिवकाशीच्या पेट्या. शिवकाशी तमिळनाडूत, आमच्यासारखाच कोरडा मुलूख. पाऊस कमी, म्हणून काड्या वाळवायला हवा चांगली. त्या पेट्यांवर हत्ती, मोर, ससा, हरीण, पोपट, आणि खाली आमच्या बाराखडीत न बसणारी गोल गोल अक्षरं.

तेव्हा पेटी पातळ लाकडाची असे आणि छाप तिच्यावर चिकटवलेला. तो फाडून निघत नाही, भिजवावा लागतो. आणि पाणी तर घरात मोजून. आईनं नियम घालून दिला होता : भांडी विसळल्यावर जे शेवटचं पाणी उरेल, त्यात भिजवायचं, आणि मग ते पाणी दारातल्या लिंबाच्या रोपाला. छाप सुटला की फरशीवर वाळवायचा, जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर कणकेच्या खळीनं चिकटवायचा आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायचा. सकाळी पत्त्यासारखा कडक.

मोठी पोरं छाप नुसते जमवायची. रिंगणात ठेवायचे, चपट्या दगडानं उडवायचे, जास्त ज्याचे तो सावकार. आम्ही आठ-दहा जण लहान. आम्हाला त्या रिंगणात कोण घेणार? मग आम्ही आमचा खेळ काढला. प्रत्येकानं तीस छापांचा कॅट बांधायचा, पण फक्त जिवंत वस्तूंचा. जहाज, किल्ली, कंदील सगळं बाहेर. पिसायचं, पाच पानं हातात घ्यायची, एकेक जनावर जमिनीवर उतरवायचं आणि झुंज लावायची.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी वाघ-सिंहच भरले. खेळ दोन मिनिटांत संपायचा, नाहीतर भांडणावर जायचा. मग कुणीतरी म्हणालं, “वाघ खाईल काय?”

हा प्रश्न आम्हाला शिकवावा लागला नाही. १९७२ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. येवल्याच्या बाजूला माझ्या मामाचं गाव. माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर, पोरं सुकडीच्या रांगेत, आणि गुरं दावणीला नुसती उभी. बसलेली गाय पुन्हा उठत नाही म्हणजे काय, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून खेळात चाऱ्याचा नियम आला. झाड, फूल, फळ, कणीस, असला कुठलाही छाप म्हणजे चारा. हरीण उतरवायचं तर एक चारा आधी खाली पाहिजे. बैल-घोड्याला दोन. हत्तीला तीन. वाघाला चारा चालत नाही, त्याच्यासाठी आपलंच एक हरीण नाहीतर ससा बाजूला काढून ठेवायचा. चारा नसताना जनावर उतरवलं तर ते ‘बसलं’, आणि बसलेलं जनावर दुसऱ्याचं.

या एका नियमानं खेळ पालटला. आता कॅट बांधणं हीच खरी अक्कल. तीस पानांत वाघ किती? माझा हिशेब बसता बसता महिना गेला. तीन वाघ, नऊ खाती जनावरं, सहा ससे, अकरा चारा आणि एक ‘चित्ता फाईट’. या छापावर माणूस आणि चित्ता एकमेकांना भिडलेले. हे जनावर धरायचं की माणूस, यावर दोन दिवस कचेरी चालली. निकाल असा लागला की दोघं एकमेकांत गुंतलेत, त्यामुळं ते कुणाला मारू शकत नाहीत आणि त्यांनाही कुणी मारू शकत नाही. ते नुसते आडवे घालायचे, बांधासारखे.

माझा जोडीदार छोट्या गाडीवरच्या फायरमनचा मुलगा. घरात तेलुगू, रस्त्यावर हिंदी कालवलेलं मराठी. त्याचा कॅट सगळा पाखरांचा. पाखराला अर्धा चारा, म्हणजे एका झाडावर दोन पाखरं, हा नियम त्यानं भांडून मिळवला होता. पाखरं झुंजीत हरायची, पण संख्येनं यायची. दिवाळीत तो सिकंदराबादला आजीकडं जाऊन आला आणि खिशातून हत्ती काढला. लाल झूल, सोंड वर. मी दोन मोर आणि एक पोपट देऊन तो घेतला. हत्तीसाठी तिसावं पान मोकळं करायला एक वाघ काढावा लागला. तो काढताना हात जड झाला, पण तीन वाघ आणि हत्ती एका दावणीला पोसत नाहीत, हे तोवर कळलं होतं.

मे १९७४ मध्ये रेल्वेचा संप झाला. बोनस, पगार, कामाचे तास अशा मागण्या होत्या. जॉर्ज फर्नांडिस पुढारी. आठ तारखेला देशभर लाखो कामगार कामावर गेले नाहीत. आमचे अण्णा सांधेवाले, तेही त्यांत. मनमाड म्हणजे रेल्वेच. घड्याळ घरात नव्हतं, अमकी गाडी आली की उठायचं, तमकी गेली की भाकरी टाकायच्या. गाड्या तुरळक झाल्या आणि आईचं सगळं वेळापत्रक मोडलं. ती रात्रीच दचकून उठायची, बाहेर बघायची, पुन्हा पडायची. फलाटावर पेट्या नव्हत्या. ज्याच्याकडं जे छाप होते तेच, नवा एकही नाही.

दुसऱ्या आठवड्यात डब्यांचे तळ दिसायला लागले. अण्णा दिवसभर बाहेर. घरात तीस पेट्यांचे छाप आणि चूल पेटवायला काडी नाही, असे दिवस आले. आई शेजारून शेणीवर विस्तव मागून आणायची. दोन घरांत एक काडी, असा तेव्हा रिवाजच पडला होता.

अशात बाजारपेठेतल्या एका पोरानं माझ्या कॅटला दोन रुपये देऊ केले. पूर्ण कॅट, हत्तीसकट. दोन रुपये म्हणजे काय, हे मला अकराव्या वर्षी चांगलं ठाऊक होतं. मी घरी आलो, कॅट आईपुढं ठेवला आणि सांगितलं. तिनं पानं उलटून पाहिली. बैलाच्या छापावर जरा थांबली. दोन रुपये तिनं मनात मोजले असणार, कारण ती लगेच बोलली नाही.

“तुह्या मामानं त्या साली बैलजोडी इकली,” ती म्हणाली. “पाण्याच्या भावानं. दावण रिकामी झाली ती आजून भरली नाही. ठेव ती जनावरं.”

“कागदाची तर आहेत,” मी म्हणालो.

“कागदाची हायेत, म्हणूनच ठेव. त्यांला कडबा घालावा लागत नाही.”

एवढंच. त्या रात्री आम्ही पातळ कण्या प्यालो. २७ मे रोजी संप मागं घेतला गेला. गाड्या सुरू झाल्या, पेट्याही पडू लागल्या. आई पुन्हा गाडीच्या आवाजावर भाकरी टाकू लागली.

पुढल्या वर्षी जोडीदाराच्या वडलांची बदली झाली. छोट्या गाडीशी मी हत्ती घेऊन गेलो. त्याचाच होता, त्याला परत द्यावा म्हटलं. त्यानं घेतला नाही. म्हणाला, “इसको तीन झाडं लागतात. माझ्याकडं सगळी पाखरं. मेरे पास उपाशी मरेल.” गाडी हलेपर्यंत आम्ही दुसरं काही बोललो नाही. पुढं ती लहान लाईनही मोठी झाली. आता मनमाडला गाडी बदलण्यासाठी कुणाला रात्र काढावी लागत नाही.

परवा सुट्टीत नातू आला. त्याच्याकडं पोकेमॉनचे पत्ते. जपानात १९९६ साली निघालेला हा खेळ. साठ पानांचा कॅट, एका नावाची चारच्यावर पानं चालत नाहीत, आणि प्रत्येक जनावराला हल्ला करायला ‘एनर्जी’ची पानं लावावी लागतात. ती आपण ठेवू तितकी. त्याला सगळी पाण्यातली जनावरं हवी होती. त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “मनमाडात राहून पाण्याचा कॅट बांधतोय बघा. वागदर्डी भरलं का विचार आधी.” नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावर सगळी हसली.

त्याचं काही केल्या जमेना. मोठमोठी जनावरं नुसती हातात अडकून पडायची. “आजोबा, माझी सगळ्यात भारी आहेत, तरी हरतो.” मला जपानी नावं उच्चारता येत नाहीत, पण दुखणं ओळखीचं होतं. आपली ताकद आपल्याकडं काय आहे त्यावर नसते, आपण किती पोसू शकतो त्यावर असते. हे त्याला असं काही सांगितलं नाही. पानं जमिनीवर मांडली आणि विचारलं, “यांना खायला काय?” तो गप्प झाला. मग त्यानं एक चकाकणारं, त्याचं सर्वांत लाडकं पान उचललं, बराच वेळ हातात धरलं आणि बाजूला ठेवलं. त्या जागी साधं एनर्जीचं पान घातलं.

मी माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. खळ सुटलेली, कडा वाळवीनं खाल्लेली पानं. हत्तीची झूल आता लाल राहिली नाही, विटकरी झाली आहे. नातवानं तो हातात घेतला.

“ह्याला किती एनर्जी?”

“तीन झाडं.”

त्यानं डबा पालथा केला, वाळवीतून वाचलेली झाडं वेगळी काढली, मोजली. चार भरली.

“मग उतरतो,” तो म्हणाला, आणि हत्ती जमिनीवर ठेवला.