बंडू कसा मेला

तर झालं असं, की गेल्या शनिवारी रात्री दीडच्या सुमारास बंडू गेला. आणि त्याला मी मारला.

घाबरू नका. बंडू म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधला बुटका योद्धा. माझा रूममेट त्याला दोन वर्षं खेळवत होता. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षस चालवणारा आणि वर पंचही मीच. आम्ही सगळे 2014 च्या नियमांवर वाढलेले. 2024 ची नवी आवृत्ती आमच्या टेबलावर तशी उशिराच आली. पुस्तक आणलं, दोन संध्याकाळी चाळलं. म्हटलं, त्यात काय! तोच वीस बाजूंचा फासा, तेच हिट पॉइंट्स.

इथेच गंडलं. जे अगदी नवं होतं ते मी मन लावून वाचलं. हत्यारांच्या मास्टरी, म्हणजे कुठल्या हत्याराने समोरचा आडवा पडतो, कुठल्याने मागे ढकलला जातो, हे तर पाठच केलं. पण ज्यांची नावं जुनीच होती त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आता ‘सरप्राइज’च घ्या. पूर्वी बेसावध सापडलेला गडी पहिल्या टर्नला नुसता बघत बसायचा. आता तो इनिशिएटिव्हसाठी दोन फासे टाकून त्यातला कमी आकडा धरतो, बस्स. हापिसात लायब्ररीचं व्हर्जन बदललं की हेच होतं. फंक्शन गायब असेल तर कंपायलर बोंबलतो. नाव तेच आणि आतलं वागणं वेगळं असेल, तर कुणीच बोंबलत नाही.

असो. ड्रॅगन पाहिलेला आमचा बंडू एका साध्या ओगरसमोर उभा. चार हिट पॉइंट्स उरलेले, कमरेला औषधाची बाटली.

“पिऊन मग घाव घालू का?”

“पिण्यात अख्खी अ‍ॅक्शन जाते,” मी, एकदम ठामपणे.

त्याने घाव घातला. हुकला. ओगरचा बसला. बंडू बेशुद्ध. मग जगण्या-मरण्याचा फासा पडला सात, म्हणजे पहिली फुली. त्यावर ओगरने पडलेल्याला पुन्हा सोटा हाणला. बेशुद्धावर जवळून बसलेला घाव क्रिटिकल असतो, त्याच्या दोन फुल्या. तीन झाल्या की खेळ खलास. (तो दुसरा सोटा न हाणता ओगर दुसरीकडे वळू शकला असता. वळवणारा मीच होतो.)

रविवारी चहा पिताना पुस्तक उघडलं. औषध पिणं : बोनस अ‍ॅक्शन. म्हणजे पिऊनसुद्धा घाव घालता आला असता.

रूममेट भांडी घासत होता. त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, “तो टर्न परत खेळू. बंडू जिवंत.”

“नको रे. काल सगळ्यांनी मिळून पुरलाय त्याला.” मग जरा वेळाने, “बाटली होती ना पण माझ्याकडे.”

यावर मला काही सुचलं नाही.

आता तो नवा गडी बनवतोय. एरवी दर पाच मिनिटांनी मला हाका मारून नियम विचारायचा. या वेळी पुस्तक स्वतःच घेऊन बसलाय.