ब्रँडीवाइनकाठची सोयरीक

उन्हाळ्यात अमेरिकेला मुलांकडे आलेले आईवडील सप्टेंबरपर्यंत नायगारा, मॉल आणि घरातली शांतता या तिन्हींना पुरते कंटाळलेले असतात. त्यांतल्या काहींचा जीव पुण्या-ठाण्याच्या गच्चीवरच्या कुंड्यांत अडकलेला असतो. फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या आणि वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्याकडे मग निरोप येतो, "आईबाबांना एखादी बाग दाखवाल का?"

बागांना इथे तोटा नाही. शहरापासून तासाभरावर ब्रँडीवाइनचं खोरं आहे आणि तिथे लाँगवूड गार्डन्स. पीअर्स घराण्यातल्या जुळ्या भावांनी १७९८ मध्ये इथे झाडं लावायला सुरुवात केली. शंभर वर्षांनी ती लाकडासाठी तोडली जाणार, असं कळल्यावर पिअर ड्यू पाँट या उद्योगपतीने १९०६ मध्ये ती जमीनच विकत घेतली. आज हजार एकरांहून मोठा पसारा आहे. अडचण नेमकी तीच. पाहुणे पाटीपासून पाटीपर्यंत चालतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी कुठल्या फुलाचं काय नाव, ते कुणालाच आठवत नाही. म्हणून माझा एक नियम आहे. नाव मागाहून, आधी कुळ. ज्या झाडाचं गोत लागतं, ते झाड लक्षात राहतं.

सुरुवात काचगृहालगतच्या तळ्यांपासून करते. तिथे व्हिक्टोरिया पसरलेली असते, कडा वर वळलेल्या परातीएवढी नव्हे, चांगली सहा-सात फुटी पानं. तिच्या दोन जातींचा संकर पॅट्रिक नट यांनी १९६१ मध्ये इथेच केला. फूल पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी. पाहुणे म्हणतात, "केवढं हे कमळ!" मी सांगते, ही आपल्या कुमुदाची थोरली बहीण. कमळ पलीकडच्या कुंडात आहे आणि एकाच पाण्यात वाढत असली तरी या दोघींचं नातं फार दूरचं आहे. मग कमळाचे नातेवाईक कोण? ते दुपारी ओढ्याकाठी दाखवीन, एवढंच सांगून ठेवते.

ओढ्याकडे निघण्याआधी चपला बदलायला लावते. पायघोळ पँट पायमोज्यात खोचायची. गवतात हरणांवरच्या गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. कनेटिकटमधल्या ज्या गावात १९७०च्या दशकात तो ध्यानात आला, त्याचंच नाव त्याला मिळालं. दुसरी भीती पॉयझन आयव्हीची. एका देठावर तीन पानं असली की हात लांब. हे मात्र फार समजावावं लागत नाही. ही वेल बिब्ब्याच्या कुळातली, म्हणजे आंबा-काजूचीही भाऊबंद, असं म्हटलं की बिब्बा उतलेला एखादा चुलता प्रत्येकाला आठवतो आणि सगळे आपणहून दोन पावलं मागे सरतात.

तिथेच ओलाव्यात नारिंगी फुलांचं ज्वेलवीड असतं. पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की ती फटकन फुटते. एखादी काकू न सांगता ओळखते, "अहो, हा तर तेरडा!" गौरींच्या दिवसांत परदेशी ओढ्याकाठी तेरड्याचा भाऊ भेटल्याचं अप्रूप कुठल्याही कारंज्याला नाही.

सावलीत पपॉ पिकलेलं असतं. सीताफळाचं अख्खं कुळ उष्ण प्रदेशात रमलेलं. थंडीत टिकून एवढं फळ देणारं हे एकटंच. गर केळ्या-आंब्याच्या मिश्र चवीचा. फळ दोन-तीन दिवसांत नासतं, म्हणून दुकानात सहसा दिसत नाही. पपॉ आणि सीताफळ या दोन्ही झाडांच्या फुलांत आधी स्त्रीकेसर तयार होतो, पराग नंतर सुटतो. म्हणून चांगल्या पिकासाठी काही बागायतदार कुंचल्याने पराग लावतात. सासवडकडचे एक सीताफळवाले काका हे ऐकून पपॉखालीच बसले आणि फूल कधी येतं, भुंगा कुठला येतो, अशी माझीच परीक्षा घेऊ लागले.

काठावर पांढऱ्या खोडाचा सिकॅमोर उभा असतो, काश्मीरच्या चिनाराचा भाऊ. कमळाचा नातेवाईक हाच. १९९०च्या दशकात डीएनएच्या अभ्यासाने हे गोत लावलं आणि आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेला सिल्व्हर ओकही त्याच गोतात निघाला. यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही. बसूही नये. प्रश्न विचारायला लागलेले पाहुणे मला फार आवडतात.

परतताना लाँगवूडचं ८६ एकरांचं कुरण लागतं. गोल्डनरॉडने पिवळं झालेलं कुरण पाहून कासच्या सोनकीची आठवण निघते. कुळही एकच, सूर्यफुलाचं. शिंका येतात म्हणून लोक गोल्डनरॉडला दोष देतात, पण त्याचे जड पराग कीटक वाहतात. खरा अपराधी त्याच वेळी फुलणारं, वाऱ्यावर पराग सोडणारं रॅगवीड. आपल्या गाजरगवताचं ते जवळचं नातलग.

नेमक्या याच वेळी कुणीतरी हळूच विचारतं, "एक फांदी नेली तर चालेल?" गाजरगवत अमेरिका खंडातून आलं आणि १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं. इकडे महारुखाचा चिनी भाऊ, ट्री ऑफ हेवन, विल्यम हॅमिल्टनने १७८४ मध्ये हौसेने फिलाडेल्फियात आणला. आज तो रस्तोरस्ती माजला आहे. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडलेल्या लँटर्नफ्लाय या आशियाई किडीला त्याच्यावर आयतं घर मिळालं. परवान्याविना रोप वा फांदी भारतात नेता येत नाही, त्यामागे असा इतिहास आहे.

पण फांदी-बियांचा मोह नेहमीच वाईट नसतो, हेही मी दाखवते. फिलाडेल्फियाच्या बार्ट्रम बागेत सप्टेंबरात चहाच्या कुळातला फ्रँकलिनिया पांढरा फुललेला असतो. जॉन आणि विल्यम या बार्ट्रम बापलेकांना तो १७६५ मध्ये जॉर्जियात एका नदीकाठी दिसला. पुढे विल्यमने त्याचं बी आणलं. १८०३ नंतर रानात तो कुणालाच दिसलेला नाही. आज जगात आहेत ती सगळी झाडं त्या बागेतल्या रोपांची वंशज.

म्हणजे नेण्यात पाप नाही, न ओळखता नेण्यात आहे. पाहुण्यांना मी एवढंच सांगते की इथून रोप नेऊ नका, कुळ ओळखायची सवय न्या. सासवडच्या काकांनी घरी गेल्यावर पहिल्याच बहरात सीताफळाच्या फुलांवर कुंचला फिरवला. किती फळं धरली, ते त्यांनी अजून कळवलेलं नाही. फुलं उघडण्याच्या वेळा मात्र वहीत टिपून पाठवल्या आहेत आणि त्या मी आता माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते.