घड्याळ व पाण्याची पाळी

मध्यंतरीं एका वर्षासाठीं जर्मनींतील एका विद्यापीठांत अध्यापनास जाण्याचा योग आम्हांस आला. परत आल्यापासून खडकवासल्यास आमच्या घरीं जो येतो तो हटकून विचारतो, “तिकडचे लोक घड्याळाचे फार पक्के ना हो?” या प्रश्नांत त्यांचें कौतुक असतें, तसाच आपल्या लोकांविषयींचा तिरस्कारही असतो. कौतुक आम्हांस मान्य आहे; तिरस्कार मान्य नाहीं.

तेथें पहिल्याच दिवशीं आम्हांस मौज वाटली. वेळापत्रकांत व्याख्यानाची वेळ दहाची छापलेली, आणि मंडळी वर्गांत यावयाची सव्वादहाला! हा ढिलेपणा नव्हे. वेळेपुढें ‘कुम टेम्पोरे’ या लॅटिन शब्दांचीं आद्याक्षरें असलीं म्हणजे पाव तास उशिरा आरंभ व्हावयाचा, अशी तेथील जुनी वहिवाट आहे. म्हणजे उशीर त्यांनाही ठाऊक आहे. मात्र त्यास त्यांनीं मर्यादा घातली आहे, आणि ती मर्यादा गुरु-शिष्य दोघेही पाळतात.

आपल्या रक्तांतच वक्तशीरपणा नाहीं, असें आपल्याकडील सुशिक्षितांस म्हणण्याची खोड आहे. आमच्या घरापासून धरण जवळच आहे. त्याचें पाणी कालव्यानें हवेली, दौंड, इंदापूर या तालुक्यांस जातें. आवर्तन सुटलें कीं ज्याची पाळी मध्यरात्रीं येते तो शेतकरी कंदील किंवा विजेरी घेऊन वेळेआधीं बांधावर उभा असतो. तोच शेतकरी कचेरींत अकराच्या कामास बारा वाजतां जातो. कारण साहेब बारापूर्वीं येत नाहींत, हें त्यानें अनुभवानें जाणलेलें असतें. येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत १९५५ पासून सर्व प्रांतांचीं मुलें शिकत आलीं आहेत. त्यांना मिनिटाचा हिशेब शिकविण्यापूर्वीं कोणी त्यांचें रक्त तपासीत नाहीं. आपण वेळेवर गेलों तर समोरचाही वेळेवर भेटेल, हा भरंवसा जेथें आहे तेथें माणूस घड्याळ पाळतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. तेथें असतां आम्ही आठवडाभर तापानें अंथरुणास खिळलों होतों. एका सहाध्यापकांनीं “गुरुवारीं चार वाजतां आलों तर चालेल काय?” असें विचारलें, ठरल्या वेळीं ते सूप घेऊन आले आणि पांचाला उठले. त्यांच्या सौजन्यांत कांहीं उणें नव्हतें. परंतु गुरुवार उजाडेपर्यंतच्या रात्री फार लांब गेल्या. येथें ताप आला कीं शेजारच्या काकू न विचारतां मऊ भात व मेतकूट घेऊन येतात आणि दोन तास बसतात. विश्रांति मिळत नाहीं, पण भयही वाटत नाहीं.

आतां आम्ही आपलें व्याख्यान छापील वेळीं सुरू करितों. पानशेतच्या बाजूनें बसनें येणाऱ्या मुलांस मात्र पाव तासाची सवलत ठेविली आहे. गाडीचा उशीर त्यांच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे.